घरच्या संगणकाची डागडुजी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज १०’ या प्रणालीला नेहमींच्या सुधारणा पुरविणें थांबविलें, तेव्हां अनेक घरांतून एकच प्रश्न उपस्थित झाला. संगणक चालूं स्थितींत आहे; तो मोडींत काढावयाचा काय? सुधारणा थांबल्या तरी यंत्र बंद पडत नाहीं. मात्र प्रणालींत नव्यानें सांपडणारीं छिद्रें बुजविलीं जात नाहींत. ‘विंडोज ११’ ही पुढची प्रणाली २०२१ सालींच निघाली. परंतु तिला टी. पी. एम. २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणें २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. दुकानदार अशा वेळीं नवें यंत्र सुचवितो. त्यांत त्याचा दोष नाहीं. तो त्याचा धंदाच आहे.

परंतु ज्या संगणकाला लोक म्हातारा झाला असें म्हणतात, त्याचा पुष्कळदां एकच अवयव मंद असतो. हार्ड डिस्क ही फिरती तबकडी. लॅपटॉपमध्यें ती बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारें ११ सहस्रांश सेकंद. हा वेळ नगण्य वाटतो. पण प्रणाली सुरू होतांना हजारों बारीकसारीक नोंदी ठिकठिकाणांहून वेंचाव्या लागतात, आणि तबकडी सेकंदाला त्यांतल्या शंभराच्या आसपासच पुरवूं शकते. एस. एस. डी. मध्यें फिरणारें असें कांहींच नसतें. ती तेवढ्याच वेळांत हजारों नोंदी देते. अडीच इंची साटा एस. एस. डी. लॅपटॉपमधील जुन्या डिस्कच्याच जागीं बसते. जें यंत्र चहा उकळेपर्यंत सुरू होत नसे, तें मग गॅस पेटवीपर्यंत तयार असतें.

रॅमची गोष्ट निराळी. डिस्क हें फडताळ, तर रॅम हा ओटा. ओटा अपुरा असला म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला सारखें फडताळाकडे धांवावें लागतें; चार जी. बी. रॅमच्या यंत्राची आज तीच गत आहे. आठ केली कीं पुष्कळ धांवपळ वांचते. मात्र डी. डी. आर. ३ ची पट्टी डी. डी. आर. ४ च्या खांचेंत बसत नाहीं, आणि कांहीं लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन बसविलेली असते; तेव्हां मॉडेल पाहूनच खरेदी करावी. पंख्यांतली धूळ वर्षांतून एकदां काढली, कीं यंत्राच्या देहाची चिंता बहुतेक मिटली.

हें सर्व करण्यापूर्वीं फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, हें आतां बहुतेकांना ठाऊक आहे. मराठी घरांत मात्र एक खास अडचण आहे, आणि तिच्याकडे दुरुस्ती करणाऱ्याचें सहसा लक्ष जात नाहीं. युनिकोड रुळण्यापूर्वीं, आणि त्यानंतरही बरीच वर्षें, मराठी मजकूर श्रीलिपी, आय. एस. एम. अशा साधनांनीं टंकित होत असे. त्यांतील पुष्कळ फॉंटांची युक्ति अशी, कीं संगणकाच्या दृष्टीनें अक्षर रोमनच राहावें, फक्त त्याचें चित्र देवनागरी दिसावें. फॉंट असेपर्यंत मजकूर सुरेख दिसतो. फॉंट गेला कीं आजोबांच्या आठवणींच्या जागीं रोमन अक्षरांचा अर्थहीन चुरा उरतो. प्रणाली नव्यानें बसविली कीं हे फॉंट नाहींसे होतात, फायली मात्र नकलेवरून जशाच्या तशा परत येतात. त्यामुळें घोटाळा एखाद्या वर्षानें, कोणी फाईल उघडली म्हणजे कळतो. आणि तोंवर फॉंटाचें नांवही कोणाला आठवत नाहीं.

म्हणून जुनें यंत्र चालूं असतांनाच महत्त्वाची प्रत्येक फाईल त्यावर उघडून पाहावी, तिची पी. डी. एफ. प्रत करावी, आणि फॉंटांच्या फायलीही नकलेंत घ्याव्या. पुढें फुरसतीनें मजकूर युनिकोडमध्यें आणावा. त्यासाठीं रूपांतर करणारीं साधनें आहेत, पण रफार आणि जोडाक्षरें यांत तीं चुकतात. कोणीतरी ओळन्‌ओळ वाचलें पाहिजे. ज्यानें लिहिलें तोच वाचावयास आहे, तोंवर हें झालेलें बरें.

‘विंडोज ११’ न बसणाऱ्या यंत्रासाठीं लिनक्स आहे. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ मध्यें आरंभिलेल्या या कामावर मिंट, उबुंटू इत्यादि विनामूल्य प्रणाली उभ्या आहेत, आणि युनिकोड मराठी त्यांत निर्वेध चालतें. विंडोजसाठीं केलेलीं हिशेबाचीं साधनें मात्र त्यांत सरळ चालतीलच असें नाहीं. ज्या घराचें काम त्यांवांचून अडतें, त्यानें नव्या यंत्राचा खर्च करावा हेंच योग्य.

काढलेली डिस्क लगेच भंगारांत देऊं नये. यू. एस. बी. च्या डबींत घालून ती दोन-तीन महिने कपाटांत ठेवावी. राहून गेलेली फाईल याच काळांत आठवते. नंतर आंतला मजकूर नीट पुसून ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोंचवावी.