ब्रश कशाच्या केसांचा?

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यात झाई हे गाव आहे. त्याच्या पुढे गुजरात. तिथल्या एका सलूनमध्ये मी दाढीसाठी थांबलो होतो. माझ्या आधी उंबरगावकडचे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ दाढीची कड कोरून घ्यायला बसले होते. कारागिराने ब्रश पाण्यात बुडवला, तसं त्यांनी विचारलं, "भाई, हा कशाच्या केसांचा?"

"चाचा, एकदम चांगल्यातला आहे."

"चांगला असेल, पण कशाचा?"

कारागीर गप्प. शेवटी चाचांनी साबण बोटांनीच लावून घेतला. नंतर मी ब्रश उलटून पाहिला. दांड्यावर 'प्युअर ब्रिसल' एवढंच छापलेलं होतं. ब्रशाच्या धंद्यात ब्रिसल म्हणजे बहुतेक वेळा डुकराचे राठ केस. ते गिऱ्हाइकाला कसं कळावं?

दुसरा नामांकित प्रकार बॅजरचा. बॅजर म्हणजे थंड मुलखातला, बिळं करून राहणारा एक प्राणी. त्याचे केस मऊ, टोकं बारीक, आणि पाणी धरून ठेवण्यात पटाईत. ब्रश ओला केला की लगेच कामाला लागतो. मात्र नीट झटकला नाही, तर फेसाचं पाणी होऊन मनगटावर ओघळतं. डुकराच्या केसांचा ब्रश आधी काही मिनिटं कोमट पाण्यात भिजवावा लागतो. नवा असताना तो गालाला टोचतो. काही आठवडे वापरल्यावर केसांची टोकं फाटून मऊ होतात. साबणाच्या कडक वडीवर घासायला हा ताठपणा उलट बराच. बॅजरला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. माझ्या मते रोजच्या दाढीला त्याची काही गरज नाही.

फेसाचा निम्मा न्याय तर पाणीच करतं. किनाऱ्याकडच्या विहिरींचं मचूळ, जड पाणी असलं की त्यातले क्षार साबणाशी संयोग पावतात, चिकट साका होतो आणि फेस धरत नाही. तिथे बॅजरही हात टेकतो! पावसाळ्यात पागोळीचं पाणी भांड्यात धरून त्याने दाढी करून बघा. तोच साबण, तोच जुना ब्रश, पण फेस वाटीबाहेर येतो.

पण चाचांचा प्रश्न फेसाचा नव्हताच. डुकराच्या केसांवर काळा पट्टा रंगवून त्यांना बॅजरचं रूप देण्याची चाल जुनीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून विकले गेले. नीट निर्जंतुक न केलेल्या अशा ब्रशांमुळे ब्रिटन-अमेरिकेत अनेकांना अँथ्रॅक्स झाला, काही दगावलेही. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. तेव्हा 'कशाचा?' हा प्रश्न केवळ सोवळ्याओवळ्याचा नाही.

आता नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे ब्रश मिळतात. पूर्वीचे फारच ताठ असायचे. हल्लीचे मऊ असतात, भिजवावे लागत नाहीत आणि दमट हवेतही लवकर वाळतात. कारागिराला मी तसा एक घ्यायला सुचवलं. "घेतो काका," तो म्हणाला, "पण चाचांना पटेल का?"

पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा नवा ब्रश आरशापुढे होता. चाचाही आले. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा ब्रश काढला आणि खुर्चीत बसले.