फुलफ्रेम घ्यावा की न घ्यावा?

हौसेला मोल नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पण कॅमेऱ्याच्या दुकानात एकदा उभे राहून पाहा, म्हणजे हौसेलाही मोल असते आणि ते छापील पावतीवर येते, हे ध्यानात येईल. मी काही छायाचित्रकलेतला अधिकारी पुरुष नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतो, एवढेच. गेली आठ वर्षे माझ्याजवळ लहान सेन्सरचा, ज्याला एपीएस-सी म्हणतात तसा, कॅमेरा आहे. गेल्या वर्षी पगाराच्या थकबाकीची रक्कम हाती आली आणि मनाने एकच धोशा लावला, आता फुलफ्रेम घ्यायचा! तुमच्याही मनाने तोच धोशा लावला असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार गोष्टी तुमच्याशी बोलाव्यात, म्हणून हा प्रपंच.

प्रथम या 'फुलफ्रेम' शब्दाचा दरारा थोडा कमी करू. फुल म्हणजे पूर्ण. मग आपला तो अपुरा, असे उगीचच वाटू लागते. पण हे माप आले कोठून? जर्मनीत वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार. त्या काळचे काचेच्या पट्ट्यांचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. तेव्हा त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली आणि खिशात मावणारा कॅमेरा बनवला. तोच पुढे १९२५ साली 'लायका' म्हणून बाजारात आला. ती चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. आज आपण जिला पूर्ण म्हणतो, तिला जर्मन भाषेत नाव पडले 'क्लाइनबिल्ड', म्हणजे छोटे चित्र! आणि आपल्याकडे घरोघरी असलेला तो साधासुधा आग्फा क्लिक थ्री आठवतो ना? त्याच्या फिल्मवरची चौकट सुमारे ६ सेंटिमीटर चौरस. म्हणजे फुलफ्रेमच्या तिपटीहून मोठी. तरी आमच्या वडिलांच्या फोटोंत मावशीचे डोके कापलेले ते कापलेलेच.

याचा अर्थ मोठ्या सेन्सरचा उपयोग नाही, असा मुळीच नव्हे. पावसात अंगणात एक परात ठेवा आणि शेजारी एक ताटली ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण पाणी परातीत अधिक साठते. सेन्सरचेही तसेच. फुलफ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, तर एपीएस-सीचे, बनावटीप्रमाणे, सुमारे ३३० ते ३७०. म्हणजे प्रकाश सव्वादोन-अडीचपट साठतो. अंधाऱ्या जागी चित्रात जो रवाळपणा येतो, तो त्यामुळे कमी होतो. शिवाय माणूस स्पष्ट आणि पार्श्वभूमी पुसट, ही किमया जरा सोपी होते. लाभ आहे, पण तो असा मोजता येण्याजोगा आहे.

आता माझी हकिकत सांगतो. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. संध्याकाळी ती देवापुढे समई लावते आणि माझ्या मुलीला जवळ घेऊन परवचा म्हणवून घेते. हे दृश्य टिपण्याचा मी कितीदा प्रयत्न केला! दर वेळी कुणाचा तरी चेहरा हललेला. मी म्हणे, "या कॅमेऱ्याला अंधारात दिसत नाही. फुलफ्रेम आला की पाहा." एकदा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमचा तो कॅमेरा येईपर्यंत आई अशाच बसून राहणार आहेत का?"

मी काय बोलणार? त्या रात्री एक काम केले. फसलेली, पण जीव लागलेली चाळीस छायाचित्रे निवडली आणि पेपर तपासावेत तशी एकेक तपासली. कोणते का फसले, ते कागदावर मांडले. सतरांत माणूस किंवा माझा हात हललेला, कारण शटर फार सावकाश. नवांत फोकस चुकलेला. आठांत मी उभाच चुकीच्या जागी, मागचा विजेचा खांब थेट नवरदेवाच्या पगडीतून उगवलेला. चारांत आकाश पांढरेफटक. आणि सेन्सर लहान म्हणून फसलेली किती? दोन! नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण वर्गात सांगणे सोपे. स्वतःच्या कागदावर वाचणे कठीण.

त्या सतरांचा हिशेब पुढे चालवू. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली माझी लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. समईपुढे शटर मिळे सेकंदाचा पंधरावा भाग. तसल्याच लेन्सने आणि तेवढ्याच रवाळपणाने फुलफ्रेमवर ते पस्तिसाव्या भागापर्यंत गेले असते. पण एफ १.८ ची साधी ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर प्रकाश साडेनऊपट येतो आणि शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागापलीकडे जाते. फुलफ्रेम आणि एक बरी लेन्स म्हटली की दीड-दोन लाखांची मजल सहज जाते. ही लेन्स मला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत मिळाली. तिच्यातही एक खोच आहे. ती पूर्ण उघडली की फोकसची पट्टी फार अरुंद होते. आईच्या डोळ्यांवर फोकस धरला तर शेजारची नात पुसट होते. तेव्हा दोघींना एका रेषेत बसवायला शिकावे लागले. पण शिकणे फुकट असते.

मग फुलफ्रेम घ्यावाच कोणी? ज्याच्याजवळ उजेडी लेन्स आधीच आहे आणि तरी नाटकाच्या रंगमंचावर किंवा चांदण्यांच्या आकाशापुढे ती अपुरी पडते, त्याने जरूर घ्यावा. ज्याला भिंतीएवढे मोठे छाप काढायचे आहेत, त्यानेही विचार करावा. एरवी ८ बाय १२ इंचांच्या उत्तम छापाला ९ मेगापिक्सेलही पुरतात. उलट, भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्याला लहान सेन्सरच सोयीचा. त्याची ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी काम देते. फुलफ्रेमवर तेवढ्यासाठी दुप्पट जड आणि कितीतरी महाग लेन्स घ्यावी लागेल.

आणि हत्ती दारात बांधणे सोपे, पोसणे कठीण. लहान सेन्सरसाठी घेतलेल्या तुमच्या लेन्सा नव्या कॅमेऱ्याला काही बनावटींत बसतच नाहीत. बसल्या तरी सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. म्हणून किंमत विचारायची ती नुसत्या कॅमेऱ्याची नव्हे, लेन्सांसकट साऱ्या बिऱ्हाडाची. मोठ्या शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन दिवस आणा, तुमच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात वापरा आणि छाप शेजारी शेजारी ठेवून घरच्यांना विचारा, यातला नव्या कॅमेऱ्याचा कोणता? त्यांना ओळखता आला नाही, तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले.

गरज आणि इच्छा यांतला फरक मी दरवर्षी वर्गात शिकवतो. इच्छा असणे हा काही गुन्हा नाही. घरखर्च, औषधपाणी, मुलांची फी भागून पैसा उरत असेल आणि केवळ हौस म्हणून फुलफ्रेम घ्यावासा वाटत असेल, तर खुशाल घ्या. फक्त त्या हौसेला गरजेचा अंगरखा घालू नका. कारण तसे केले की 'नवा कॅमेरा आल्यावर' या एका सबबीखाली आजचे छायाचित्र राहून जाते.

मी अजून फुलफ्रेम घेतलेला नाही. थकबाकीची बरीचशी रक्कम बँकेत आहे. पुढे कधीतरी घेईनही. पण समईपुढची आई आणि नात यांचे एक छायाचित्र आता आमच्या माजघराच्या भिंतीवर आहे. कोपऱ्यात थोडा रवाळपणा आहे. आईला मी तो दाखवला, तर म्हणाली, "तो कसला रे? समईचा धूर असेल."