रोगाची वाट ओळखू या



साथ आली की गावात दोन तऱ्हा दिसतात. काही जण धास्तावून दार लावून घेतात. काही जण ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणत बिनधास्त फिरतात. हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे दोघांनीही विचारलेलं नसतं. प्रत्येक संसर्गजन्य रोगाची वाट ठरलेली असते. ती कळली, की काय करायचं हे कळतं आणि कशाला भ्यायचं नाही हेही कळतं.

साठी ओलांडलेल्या मंडळींना नारू आठवत असेल. पायावर फोड यायचा, आग आग व्हायची आणि फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकवायचा. ओढताना तुटला तर पाय सुजून पिकायचा, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. आठवडेच्या आठवडे घरचा कर्ता माणूस खाटेवर. या रोगावर औषध नव्हतं, लसही नव्हती. मग तो गेला कसा? त्याची वाट सापडली म्हणून! आग शमवायला रोगी बारवेच्या पाण्यात पाय बुडवायचा. तिथं जंत हजारो अळ्या सोडायचा. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव त्या गिळायचे आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायात वर्षभरानं नारू निघायचा. उपाय ठरले ते यावरूनच. पाणी दाट फडक्यानं गाळून प्यायचं आणि नारू झालेल्यानं बारवेत उतरायचं नाही. जोडीला हातपंप आले, बारवांत सायक्लॉप्स मारणारं औषध पडलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता आजच्या रोगाकडे, डेंग्यूकडे येऊ. आपला वाशीम जिल्हा तापी आणि गोदावरी खोऱ्यांच्या दुभाजकावर वसला आहे. पडलेलं पाणी एकीकडे पूर्णेकडे, दुसरीकडे पैनगंगेकडे निघून जातं. उन्हाळ्यात टंचाई ठरलेली, म्हणून घरोघरी रांजण, ड्रम, सिमेंटच्या टाक्या भरलेल्या. डेंग्यूच्या डासाला हेच हवं असतं. एडिस डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसा. मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. पाणी लागलं की अळ्या बाहेर. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. रांजणाचा आतला काठ काथ्यानं खसखसून घासायचा, तो उन्हात सुकवायचा, मग भरून फडक्यानं तोंड बांधायचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पुरतो. कूलर, टायर, फ्रिजमागचा ट्रे विसरू नका.

तिसरी वाट हवेची. फेब्रुवारी २०२१मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक जणांना कोरोना झाल्याचं आढळलं, हे आपण विसरलेलो नाही. एकत्र झोपणं, एकत्र जेवणं, तीच हवा सर्वांनी श्वासात घेणं. वसतिगृहात एकाचा रोग अनेकांचा व्हायला एवढं पुरतं. क्षयरोगाचीही वाट हीच, फक्त चाल संथ. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साधारण सहा महिन्यांचा डोस असतो. महिना-दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडला, तर औषधाला दाद न देणारा क्षय मागे लागतो. रोग्याला वाळीत टाकू नका. त्याच्या ताटाला भिण्याचं कारण नाही. खिडकी उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरू द्या आणि गोळ्या वेळेवर जातात की नाही ते पाहा.

माझी कळकळीची विनंती आणखी एक. ताप आला की ‘सलाईन लावा’ असा आग्रह धरू नका, अँटिबायोटिकही मागू नका. कुठलंही अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. डेंग्यूची शंका असताना मनानं ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेतलं, तर रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोट सतत दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, हिरड्यांतून रक्त आलं तर तासभरही घरी थांबू नका. डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरतानाच येतात.

डास काही घरनंबर पाहून चावत नाही. माझा रांजण कोरडा आणि शेजाऱ्याची टाकी उघडी, तर माझी मेहनत वाया. नारू गेला तो गावच्या गाव पाणी गाळून प्यायला लागलं म्हणून. तेव्हा मृग लागण्याआधी आपापल्या गल्लीतल्या लोकांनी, आशाताईंना सोबत घेऊन, आठवड्याचा एक वार कोरडा दिवस म्हणून ठरवावा आणि दिवाळीपर्यंत तो मोडू नये. एवढं ठरवून आज घरी गेलात, तर हे व्याख्यान कारणी लागलं असं मी मानेन.