लिस्बनला जाणार असाल तर

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



'बी' विंगमधली तीन आणि 'सी' विंगमधलं एक अशी आपली चार जोडपी येत्या मे महिन्यात स्पेन-पोर्तुगालच्या सहलीला निघाली आहेत, हे आता सगळ्या सोसायटीला ठाऊक झालंय. लिफ्टमध्ये दुसरा विषयच नाही. सहलीचं पत्रक मी मागून घेऊन वाचलं. त्यात लिस्बनला अडीच दिवस दिलेत, आणि त्यातला शेवटचा अर्धा दिवस 'मोकळा वेळ, खरेदी' असा आहे. त्या अर्ध्या दिवसावर माझा डोळा आहे. पण ते शेवटी सांगतो.

आम्ही दोघं २०१८ साली तिथं पाच आठवडे राहून आलो. मुलगी तेव्हा तिथं नोकरीला होती. म्हणजे राहायचा खर्च नाही आणि घाईही नाही. तुम्हाला दोन्ही आहे, म्हणून कामाचं आधी सांगतो.

पहिली गोष्ट गुडघे. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात. मी मोजल्या नाहीत, पण आमच्या सौ.च्या गुडघ्यांनी बहुतेक मोजल्या असाव्यात. तिथले फूटपाथ पांढऱ्या-काळ्या दगडांचे छोटे चौकोनी तुकडे हातानं बसवून केलेले असतात. लाटा, वेली, जहाजं अशी नक्षी असते. रोसियो नावाच्या मोठ्या चौकात तर सगळी जमीनच लाटांची, बघताना गरगरतं. दिसायला फार सुंदर, पण वर्षानुवर्षं पावलांनी घासून ते दगड गुळगुळीत झालेत आणि पावसाची एक सर आली की शेवाळलेल्या अंगणासारखे होतात. तेव्हा नवे कोरे बूट नेऊ नका. रबरी तळव्याचे, महिनाभर घरी वापरलेले न्या. काठी असेल तर लाजू नका.

चढ चुकवायचे मार्ग आहेत. खालच्या सपाट बाजारपेठेतून, तिला बायशा म्हणतात, किल्ल्याच्या दिशेला नेणारी मोफत लिफ्ट आहे. साध्या इमारतीत असल्यामुळे पाटी नीट बघावी लागते. १९०२ सालची सांता जुस्ता नावाची उंच लोखंडी लिफ्ट प्रसिद्ध आहे, पण तिच्यापुढे रांग एवढी असते की तेवढ्या वेळात माणूस चालत वर पोहोचतो. उतारावर रुळांवरून चालणाऱ्या जुन्या गाड्याही आहेत. त्यातल्या ग्लोरिया नावाच्या गाडीला सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात झाला आणि १६ माणसं गेली. आम्ही त्याच गाडीत चार-पाच वेळा बसलो होतो. बातमी वाचून दोन दिवस चैन पडलं नाही. तुम्ही जाल तेव्हा कुठली गाडी चालू आहे, याची हॉटेलात चौकशी करूनच निघा.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्रामबद्दल तुम्हाला सगळे सांगतील. जुनी लाकडी बाकं, गल्ल्या इतक्या अरुंद की हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल. बसा जरूर, पण मार्तीं मोनीज या पहिल्या थांब्यावरच आणि सकाळी लवकर. नंतर आपल्या विरार लोकलची आठवण येते. आणि तिथले पाकीटमार आपल्याकडच्यांपेक्षा चांगले कपडे घालतात, एवढाच फरक. पासपोर्टची झेरॉक्स जवळ, मूळ प्रत हॉटेलच्या तिजोरीत. प्रवास विमा ३० हजार युरोंचा लागतोच, त्याशिवाय व्हिसा नाही; तो कागदही हातपिशवीत असू द्या.

जेवण. हॉटेलात बसल्याबरोबर वेटर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो. हे फुकट नसतं! खाल्लंत तर बिलात येतं. हात लावला नाहीत तर पैसे द्यावे लागत नाहीत. शाकाहारी मंडळींनी हिरव्या भाजीच्या सुपातसुद्धा सॉसेजची चकती आहे का, ते विचारावं. प्रसिद्ध पिवळे कस्टर्डचे टार्ट म्हणजे निव्वळ अंड्याचा बलक, तेही लक्षात असू द्या. बेलेमला १८३७ पासून चालू असलेलं त्यांचं दुकान आहे. गरम टार्टवर दालचिनी भुरभुरून देतात. मासे खाणाऱ्यांची चंगळ. त्यांचा जीव खारवून वाळवलेल्या कॉड माशावर, आणि गंमत म्हणजे तो त्यांच्या समुद्रातला नाहीच, नॉर्वेकडून येतो. दुकानात तो लाकडाच्या फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो. आपल्या वसईच्या माणसाला त्या वासाचं काही वाटणार नाही. कॅफेत 'शमूसा' मागा, समोसा येईल. तो आपल्याकडूनच गेलाय.

भाषेची भीती बाळगू नका. इंग्रजी बऱ्याच जणांना येतं. शिवाय पाव, बटाटा, साबण, चावी, काजू, अननस, घमेलं, पगार, लिलाव हे सगळे शब्द त्यांचेच. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. सुरुवात पगारानं व्हायची आणि बुडीत कर्जाचा शेवट लिलावानं. दोन्ही शब्द लिस्बनचे निघाले.

आता शहर. आज दिसतं ते लिस्बन मुख्यतः १७५५ नंतरचं आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. त्यात भूकंप झाला. लोक पडत्या भिंतींपासून पळून नदीकाठच्या मोकळ्या जागेत आले, तर नदीतून समुद्राच्या लाटा आल्या. आणि पडलेल्या मेणबत्त्यांनी, चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसं मेली. राजवाडा गेला. राजा वाचला, पण त्यानं एवढा धसका घेतला की पुढे दगडी इमारतीत राहायलाच तयार होईना. टेकडीवर तंबू आणि लाकडी वाड्यात राहिला.

मंत्री पोंबाल हा मात्र खमक्या माणूस. त्यानं बायशाचा भाग सरळ रेषेत, काटकोनात आखून बांधून काढला. भिंतींच्या आत लाकडाचे पिंजरे घातले, म्हणजे हादरा बसला तर घर हलेल, पडणार नाही. सोनारांची गल्ली, चांदीवाल्यांची, चांभारांची, अशी आपल्या पेठांसारखी नावं आजही आहेत. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच: त्यानं देशभरच्या पॅरिशना प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला, किती घरं पडली, समुद्र आधी आत आला की मागे हटला? सरकारी परिपत्रकाचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिला नाही. टेकडीवर कार्मू मठाचं चर्च तेव्हापासून बिनछपराचं उभं ठेवलंय. कमानी आहेत, वर आकाश. आपल्या वसईच्या किल्ल्यातली चर्चं ज्यांनी पाहिलीत, त्यांना तिथं परकं वाटणार नाही.

आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांसाठी एक. संत अंतोनी जन्मानं लिस्बनचे. कथीड्रलच्या खाली त्यांच्या जन्मस्थानावर छोटं चर्च आहे. १२ जूनच्या रात्री अल्फामाच्या गल्ल्यांतून कागदी माळा, रस्त्यावर भाजलेले तारली मासे, आणि एकमेकांना देतात ते चक्क तुळशीच्या जातीचं छोटं रोपटं. तुमची सहल त्याआधीच संपते, वाईट वाटतं. पण मे अखेरीस नीलमोहर फुललेला बघायला मिळेल, रस्तेच्या रस्ते जांभळे.

बँकवाल्यांनी नदीजवळचं पैशांचं संग्रहालय बघावं. जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. तिथं खरी सोन्याची वीट भोकातून हात घालून चाचपता येते. बाराएक किलोची. मी तीनदा हात लावला.

मग बेलेम. तिथंच सहलीचा पाऊण दिवस जाणार आहे. नदीतला बुरूज, जेरोनिमोशचा मठ. हा मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला, तेव्हा मसाल्याच्या व्यापाराचा पैसा शहरात येत होता, आणि दगडातही तो दिसतो. दोरखंड, शिंपले, वेली असं कोरीव काम. आत वास्को द गामाची कबर. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला, आधी तिथंच पुरला होता. बुरुजावर एका बाजूला झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे, गाईड दाखवेलच असं नाही, तुम्ही विचारा. गुजरातच्या सुलतानानं दिलेला गेंडा अल्बुकर्कनं १५१५ मध्ये गोव्याहून जहाजानं लिस्बनला पाठवला. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. पुढे बिचारा गेंडा पोपकडे पाठवताना जहाज फुटून बुडाला.

शेजारी नदीच्या काठावर जहाजाच्या आकाराचं प्रचंड स्मारक आहे. सागरी शोधांचं. सगळ्यात पुढे राजपुत्र हेन्री, मागे दोन्ही बाजूंनी दर्यावर्दी, पाद्री, सेनापती. गामा आहे, अल्बुकर्क आहे, सेंट झेवियर आहेत. खाली फरशीवर जगाचा नकाशा, त्यावर जहाजं आणि सन. लोक आपापल्या देशावर उभं राहून फोटो काढतात. आम्हीही काढला. पण स्मारकाचं साल बघा: १९६०. तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती, आणि पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. शोध म्हणतात ते त्यांच्या बाजूनं. ज्यांचा शोध लागला ते आपण, फरशीवर उभे. मी कुणावर रागावून हे सांगत नाही. पाच आठवड्यांत मला तिथं एकही उद्धट माणूस भेटला नाही. पण गाईडच्या तोंडून अर्धीच गोष्ट ऐकायला मिळेल, हे धरून चला.

मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहायचे. आम्ही भारतातले कळल्यावर त्यांनी मुलीमार्फत विचारलं, गोव्याच्या जवळचे का? ते १९६१ मध्ये एकवीस वर्षांचे शिपाई होते, गोव्यात. आपल्या सैन्याच्या ताब्यात पाच महिने युद्धकैदी. कोंकणीतला त्यांना एकच शब्द आठवत होता, 'पेज'. मला म्हणाले, तुमच्या लोकांनी आम्हाला मारलं नाही, पण घरी परतलो तेव्हा आमच्याच सरकारनं आम्हाला भित्रे ठरवलं. सालाझारचा हुकूम मरेपर्यंत लढण्याचा होता ना! असे तीन हजारांहून जास्त कैदी भारतानं मे १९६२ मध्ये परत पाठवले.

आता दुसरा आकडा ऐका. मोहन रानडे. आपल्या सांगलीचे. गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, पुढे पोर्तुगालला नेलं. गोवा मुक्त झाला, इकडून तीन हजार कैदी सुखरूप घरी गेले, आणि हा माणूस तिकडेच. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. सुधीर फडक्यांनी त्यासाठी किती धावपळ केली, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. म्हणजे गोवा मोकळा झाल्यावरही सात वर्षं. आयुष्यभर ताळेबंद तपासले, पण हा मला अजून जुळवता आलेला नाही.

ते लिस्बनजवळ काशियशच्या तुरुंगात होते. कैश दो सोद्रे स्टेशनवरून कास्कायशला जाणारी लोकल नदीकाठानं, मग समुद्राकाठानं जाते. काशियश हे वाटेतलं स्टेशन. जलद गाडी घेऊ नका, थांबत जाणारी घ्या. तुरुंग अजून चालू आहे, आत जाता येत नाही. मी स्टेशनवर उतरलो. समोर समुद्र, पोहणारी पोरं, मागे टेकडी. अर्धा तास बाकावर बसलो आणि पुढची गाडी पकडली. बघण्यासारखं खरोखर काही नाही.

बघायचं असेल तर कथीड्रलशेजारी अल्जूब आहे. सालाझारच्या काळातल्या राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या. वसाहतींमधल्या लढ्यांचीही माहिती आहे. तिथं शाळेची मुलं आलेली होती, शिक्षिका त्यांना कोठडीत एकेकाला उभं करून दार लावत होत्या. पोर्तुगीज माणसांनीही त्या राजवटीत खूप सोसलं. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनीच ती उलथवली, बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचून. काशियशचे राजकीय कैदी दोनच दिवसांत बाहेर आले. आणि गोवा भारताचा, हे पोर्तुगालनं कागदावर मान्य केलं ते त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला.

तर तो मोकळा अर्धा दिवस. खरेदीला कॉर्कच्या पर्सा आणि टाइल्सचे मॅग्नेट विमानतळावरही मिळतात, थोडे महाग. अल्जूबला एक तास पुरतो, सोमवारी बंद असतं. काशियशला जाऊन यायला दोन तास. दोन्ही जमत नसेल, तर गुडघेवाल्यांनी लोकल धरावी, डब्यात बसायला मिळतं. नकाशा मी झेरॉक्स करून ऑफिसात ठेवलाय, चार प्रती आहेत. कुणाला रोमिंगबद्दल विचारायचं असेल तर ते माझ्या मुलीला विचारा, मला त्यातलं कळत नाही. चहा आलेला दिसतोय.