मधुमेह : समज, गैरसमज आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या आरोग्य शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही मधुमेह हा विषय मुद्दाम निवडला आहे. "हा श्रीमंतांचा रोग, कष्टकरी माणसाला तो कुठून होणार?" असे आपल्या वस्त्यांतून आजही ऐकू येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या मोठ्या संख्येत केवळ श्रीमंतच असतील, हे संभवत नाही.

मधुमेह म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. आपण भाकरी, भात, पोळी खातो, त्याची पोटात साखर बनते. तिला ग्लुकोज म्हणतात. रक्तातील हे ग्लुकोज पेशींत जाण्यासाठी इन्सुलिन लागते. पेशीच्या दाराची ती किल्लीच होय. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तेथे इन्सुलिन तयार होते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते जवळजवळ बनतच नाही. हा बहुधा मुलांना व तरुणांना होतो. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन बनते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंड थकते. आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेले मूल फार काळ जगत नसे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन वेगळे केले, कॉलिप यांनी ते शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले आणि त्याचे प्राण वाचले. या संशोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी केवळ १ डॉलर घेऊन दिले. औषध सर्वांना मिळावे, ही त्यामागची भावना होती.

असे हे जीवनदायी औषध असताना "सुई एकदा लागली की सुटत नाही" या भीतीने कित्येक जण ते नाकारतात. इन्सुलिनचे व्यसन लागत नाही. शरीरात जे कमी पडते तेवढेच आपण बाहेरून देतो. कोणाच्या सांगण्यावरून पहिल्या प्रकारच्या मुलाचे इन्सुलिन बंद करून कारल्याचा रस वा जडीबुटी सुरू केली, तर रक्तात आम्ले साचून काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन कधीही थांबवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यास अचानक घाम, थरथर, भोवळ आली तर साखर कमी झाली असे समजावे आणि तो शुद्धीवर असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

"आम्ही तर सडपातळ, आम्हाला काय भीती?" असेही काही जण विचारतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे दिसायला किडकिडीत माणसालाही धोका असतो. यासाठी वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. तो पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

हा रोग सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. आतून मात्र डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा झिजत असतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली, पायांच्या वेदनांनी त्यांना छळले. तशाही स्थितीत ते लिहीत राहिले. आज तपासणी व उपचार आपल्या हाताशी असताना आपण दुर्लक्ष करावे, हे योग्य नव्हे.

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे चांगले. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ वा अधिक म्हणजे मधुमेह, मात्र त्याची पुन्हा तपासणी करून खात्री करतात. सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील व्यक्तींची तपासणी केली जाते. ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे आणि ज्या भगिनींना गरोदरपणात साखर वाढली होती, त्यांनी ती जरूर करावी.

उंबरठ्यावरून परत फिरता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. अमेरिकेतील २००२ सालच्या अभ्यासात आहार, व्यायाम व वजन घटविण्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. भारतातील २००६ सालच्या अभ्यासातही आहार-व्यायामाने तो सुमारे २८ टक्क्यांनी घटला. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) रोज किमान अर्धा तास भरभर चालावे.
२) ताटात भात कमी करून भाजी, उसळ व डाळ वाढवावी.
३) दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४०-५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. ती निम्म्यावर आणावी.
४) तंबाखू, विडी व दारू यांपासून दूर राहावे.
५) मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत आणि वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरात शिकलेले पहिले माणूस कदाचित तुम्हीच असाल. रिपोर्ट वाचून तो आईवडिलांना समजावून सांगणे, आजीच्या गोळ्यांची वेळ पाळणे, शेजारच्या काकांना तपासणीला घेऊन जाणे, हे काम तुम्ही करू शकता. येत्या महिनाभरात आपल्यातील प्रत्येकाने घरातील एका तरी वडीलधाऱ्या माणसाची साखर तपासून घ्यावी, एवढी नम्र विनंती करून आम्ही थांबतो.

जयभीम!