बाळाच्या अंगावरचे फोड मोजा

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी जयपूरजवळ चाकसूला राहतो. इथल्या शील की डूंगरीवर शीतलामातेचं मंदिर आहे. शीतलाष्टमीला मोठी जत्रा भरते. आपल्याकडे 'देवी आल्या' म्हणायचे, तीच ही देवी. तो रोग १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. पण फोड दिसले की 'मातेचं आहे, औषध नको' ही समजूत मागे राहिली.

शेजारी नऊ दिवसांचं बाळ होतं. काखेत, जांघेत पिवळे, पू भरलेले फोड. आजी म्हणाली, दोन दिवस थांबू. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी बाळ उघडं करून फोड मोजले. चौदा! मग आईला विचारलं, "दूध नीट ओढतंय का?" "कालपासून कमीच." आशाताईंनी मातेवरून वाद घातला नाही. म्हणाल्या, "आजी, दर्शनाला जाऊच, पण आधी दवाखाना." गाडी मी काढली. बाळ वाचलं.

नवजात बाळाची कातडी नाजूक, प्रतिकारशक्ती कमी. त्वचेतले किंवा नाळेतले जंतू रक्तात शिरायला वेळ लागत नाही. म्हणून दहा किंवा जास्त पूचे फोड, किंवा एकच मोठं गळू दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फोड कमी असले तरी दाखवा. बाळ दूध ओढत नसेल, रडणं क्षीण झालं असेल, सुस्त पडलं असेल, बेंबीची लाली पोटावर पसरत असेल किंवा कातडी भाजल्यासारखी सुटत असेल, तर रात्रही थांबू नका. ताप हवाच असं नाही. अंग गार पडणंही तितकंच वाईट.

ही लक्षणं ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना हेच शिकवलं. त्या घरोघरी जाऊन बाळं तपासत, जंतुसंसर्गावर उपचारही करत. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई अशा भेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत.

घरी एवढं करा: हात धुऊनच बाळ घ्या, नाळेला तेल-राख काही लावू नका, फोड दाबू नका.

फौजेत पहारेकऱ्याला शत्रूचं नाव ठाऊक असावं लागत नाही. त्याने वेळेत हाक द्यायची असते. तुम्हीही तेवढंच करा. जय हिंद.