पदवीनंतरचा स्वाध्याय
(सोलापूर येथील व्यावसायिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



दि. १ जुलै २०२४ रोजी देशातील प्रत्येक फौजदारी वकिलावर एक विलक्षण प्रसंग ओढवला. १८६० ची भारतीय दंड संहिता त्या दिवशी निवृत्त झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांचीही तीच गत झाली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० तर बोलीभाषेत शिवीसारखे रुळलेले. ते ३१८ मध्ये गेले. तीस वर्षे सोलापूरच्या न्यायालयात उभे राहिलेल्या ज्येष्ठ विधिज्ञाला, कालपर्यंत जिभेवर असलेला आकडा भर न्यायालयात चाचपडावा लागणे, ही गोष्ट वरवर हसण्यासारखी वाटते. ज्याच्यावर ती वेळ येते त्याला मात्र ती हसण्यासारखी वाटत नाही.

बाजारात लगेच जुन्या-नव्या कलमांचे तक्ते आले. पण तक्ता पाठ करणे म्हणजे शिकणे नव्हे. नव्या प्रक्रियेत झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. ते मुद्रण कोणी केले, कोठे जपले, मध्यंतरी त्यात फेरफार झाला नाही हे कसे सिद्ध करायचे, हे ज्याला कळत नाही, त्याचा अशील तुरुंगात जाऊ शकतो. येथे अज्ञानाची किंमत अज्ञानी माणूस भरत नाही, त्याच्यावर विसंबलेला भरतो. डॉक्टर, अभियंता, करसल्लागार, शिक्षक या साऱ्यांच्याच बाबतीत हे खरे आहे.

मौज अशी की, जुने ज्ञानही फुकट गेलेले नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्याने पुढील अनेक वर्षे दोन्ही कायदे जाणणाऱ्याचीच गरज भासणार आहे. तरुण वकिलाला नवा कायदा येतो, ज्येष्ठाला जुना. दोघांनी एकमेकांसमोर बसले की काम भागते. पण अडचण नेमकी तेथेच आहे. वयाच्या पन्नाशीत कनिष्ठाला ‘हे मला समजावून सांग’ असे म्हणणे बुद्धीला जड नसते. ते मानाला जड जाते.

सोलापूरला या प्रश्नाची ओळख नवी नाही. येथील चादरीवरची नक्षी जॅकार्डवर उतरते. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, मग तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडायची. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पट्टी. कोणते उभे धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे त्या छिद्रांवरून ठरते. पुढे संगणकांनाही कित्येक वर्षे अशाच छिद्रांच्या पत्त्यांतून आज्ञा दिल्या जात, म्हणजे संगणकाचा एक पूर्वज सोलापूरच्या मागावर आधीपासूनच बसलेला होता! आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पट्ट्या लागत नाहीत, नक्षी पडद्यावर तयार होते. ज्याला केवळ छिद्र ठोकणे येत होते त्याचे काम त्या यंत्रापुढे संपते. ज्याला चौकटींचा आणि धाग्यांचा हिशेब कळत होता, त्याच्या हातातील साधन तेवढे बदलते.

अर्थात येथे एक सावधगिरी हवी. या शहरातील मोठमोठ्या गिरण्या बंद पडल्या, त्या कामगार शिकला नाही म्हणून नव्हे. त्याची कारणे अनेक होती आणि बहुतेक त्याच्या हातातील नव्हती. ‘स्वतःला बदला’ असा उपदेश करणाऱ्या व्यवस्थापनाने आधी शिकण्यासाठी पगारी वेळ दिला पाहिजे.

गुरुकुलातून घरी निघालेल्या स्नातकाला तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य ताकीद देतात, की स्वाध्यायात हयगय करू नकोस. विशेष हे, की ही ताकीद शिक्षण संपल्यावर दिलेली आहे. आज तीच ताकीद नियमावलीतून येते. महाराष्ट्रात डॉक्टरांना दर ५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ३० श्रेयगुण मिळवावे लागतात. नियम चांगला आहे. पण सही करून थेट भोजनाकडे वळणाऱ्या श्रोत्याला कोणता नियम शिकवणार?

याच शहरात १९१० साली जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना असे गुण कोणी मोजून दिले नव्हते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेला हा तरुण १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकासह चीनला गेला. रुग्णाची भाषा येत नाही, उपकरणे अपुरी, रुग्णालय युद्धभूमीच्या मागे फिरते. कोटणीस चिनी भाषा शिकले, नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याइतकी. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. पुढे ते तेथील साम्यवादी पक्षात गेले. त्या निवडीविषयी मतभेद जरूर असावेत, त्यांच्या अभ्यासाविषयी असू नयेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भैय्या चौकातील त्यांचे घर आज स्मारक आहे. तेथून रोज ये-जा करणाऱ्या किती डॉक्टरांनी आत पाऊल टाकले आहे, हा प्रश्न वेगळा.

शेवटी घराविषयी. मध्यमवर्गीय घरात दहावीच्या मुलासाठी अभ्यासाचे टेबल असते, त्याच्या परीक्षेपुरता दूरदर्शन संच बंद राहतो. त्याच घरातील आईने अथवा वडिलांनी रात्री तासभर नवे काही वाचायला घेतले, की ‘आता या वयात कशाला?’ असे कोणीतरी म्हणते. ते टेबल पुरेसे लांब असते. दुसरी खुर्ची तेवढी आणून ठेवावी लागेल.